काळूराम मास्तरांची रीडची डबी

काळूराम मास्तर कुठलीही डबी हातात आली की आधी तिचा वास घेत. मग झाकण उघडून आत फुंकर मारत, झाकण लावून ती कानाशी हलवत आणि शेवटी नखाने तळ टकटकवून बघत. साबणाची डबी, तपकिरीची डबी, चष्म्याचं घर, शाळेतली कंपासपेटी, काहीही त्यातून सुटत नसे. एकदा आमच्या घरी येऊन त्यांनी बाबांच्या गोळ्यांची डबी अशीच पारखली आणि "नाय, औषधाचा वास जायाचा नाय," म्हणून खाली ठेवून ते निघून गेले. डबी मागायला आलो होतो, हे सांगायचं त्यांच्याकडून राहूनच गेलं.

बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात आमची आणि त्यांची भिंत एक होती. मास्तर आणि माझे बाबा अंबरनाथच्या एकाच केमिकल कारखान्यात होते. बाबा पॅकिंगमध्ये, मास्तर ड्रम धुण्यावर. पहिली पाळी करून मास्तर दुपारी घरी येत, आंघोळ करत, पण हातांना येणारा आंबूस वास काही जात नसे. लग्नसराईत तेच हात क्लॅरिओनेटवर फिरत. बदलापूरपासून बारवी धरणापर्यंतच्या पाड्यांमध्ये आगऱ्यांच्या हळदीला आणि वरातीला हाच बँड लागे, आणि बँडमध्ये हेच मास्तर लागत. ते स्वतः आगरी. आजोबा मिठागरावर राबलेले, वडील भातशेती करणारे आणि हे कारखान्यात.

क्लॅरिओनेटच्या तोंडाशी बोरूच्या जातीच्या जाड गवताची एक चपटी पट्टी बांधलेली असते. तिला रीड म्हणतात. बँडवाले पत्ती म्हणत. वाद्याचा सगळा आवाज त्या पत्तीच्या टोकातून निघतो आणि टोक असतं कागदाइतकं पातळ. सदऱ्याच्या बाहीला अडकलं तरी मोडतं. दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत वाकतं. वाजवण्याआधी पत्ती तोंडात धरून ओली करावी लागते आणि वाजवून झालं की हळूहळू सुकू द्यावी लागते. म्हणून लग्नाला निघालेले मास्तर कोणाशी बोलत नसत. नवख्यांना वाटे, माणूस गर्विष्ठ आहे. खरं तर त्यांच्या तोंडात पत्ती असे.

मी तेव्हा उल्हासनगरच्या कॉलेजात जात होते. आमच्या घरात देवाचा फोटो नव्हता, सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. बाबा युनियनचं काम करत आणि मी वाचायला शिकले ती पत्रकांवर. त्यामुळे मला प्रत्येक गोष्टीत एक अन्याय दिसे आणि त्याचा एक धनी दिसे. एका लग्नात बँडवाल्यांना मांडवाबाहेर, गुरांच्या गोठ्याजवळ जेवायला बसवलेलं मी पाहिलं. घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहिलं. पहिली प्रत मास्तरांना वाचून दाखवली. ते ओटीवर काचेच्या तुकड्याने पत्ती तासत बसले होते. शेवटपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

"कसं वाटलं?" मी विचारलं.

"खरा हाय," ते म्हणाले. "पन सगला वरच्या पट्टीत. दम कुठं घेशील तू?"

"मी गाणं नाही लिहिलेलं, मास्तर."

"म्हनून त सांगतो. गाना असता त लोकांनी ऐकला असता."

आतून काकी, म्हणजे त्यांची बायको, म्हणाली, "वाट बाय, वाट तुजा कागुद. फुडल्या साली कोन बँड बोलावनार नाय. मंग यो मानूस दिवसभर घरात बसून पत्त्या तासंल आन माजा डोका खाईल."

मी ते पत्रक वाटलं नाही. भ्याले म्हणून नव्हे. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांनाच ते नको होतं आणि यावर काय करायचं, हे कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नव्हतं.

मास्तरांना दुसरंच काही हवं होतं. त्यांना रेडिओवर वाजवायचं होतं. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, तेही त्यांनी ऑडिशनचा अर्ज भरून घ्यायला मला हाक मारली म्हणून. अर्जात हेतू लिहायचा रकाना नव्हता, तरी मी विचारलं, रेडिओच का?

"लग्नात कोन विचारतं का, ही क्लॅरनेट कोन वाजवतं?" ते म्हणाले. "बँड चांगला होता, असा बोलतात. रेडिओवर आधी नाव सांगतात. मंग वाजवनं."

त्यांनी एवढंच सांगितलं, पण सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते. पन्नाशीला आलेला माणूस. तीस वर्षं हजारो लोक त्यांच्या सुरांवर नाचले होते आणि त्यातल्या कोणालाही त्यांचं नाव ठाऊक नव्हतं.

एका निवृत्त फौजी बँडवाल्याने मरण्यापूर्वी त्यांना चार परदेशी पत्त्या दिल्या होत्या. त्या त्यांनी रेडिओसाठी राखल्या होत्या. लग्नात बाजारातली साधी पत्ती. या चार मात्र अधूनमधून काढायच्या, पाच मिनिटं वाजवायच्या, पुसायच्या, ठेवायच्या. पत्ती अशी हळूहळू तयार करावी लागते. पण ठेवायच्या कशात? कंपासपेटीला गंज चढला. चष्म्याच्या घरात टोकं घासली. कुंकवाच्या करंड्यात ठेवल्या तर काकीने घर डोक्यावर घेतलं. "माज्या डोरल्याला डबी नाय, आन याच्या काटक्यांना पायजे."

म्हणून आम्ही उल्हासनगरला गेलो. मला कॉलेजला जायचंच होतं. मास्तर म्हणाले, तिथे जे मिळत नाही ते कुठेच मिळत नाही. दोन नंबर कॅम्पातल्या एका दुकानात डब्यांची भिंतच होती. गल्ल्यावर एक म्हातारा सिंधी दुकानदार. मास्तरांनी पहिली डबी नाकाशी नेली तेव्हा तो हसला. पाचवी नेली तेव्हा हसायचा थांबला.

"साईं, नाक से डब्बा कौन लेता है? अत्तर भरना है क्या?"

मास्तरांनी खिशातून कागदात गुंडाळलेली साधी पत्ती काढली आणि काउंटरवर ठेवली. "ही ठेवायची हाय. हिला साबनाचा वास चालत नाय. तोंडात धरायला लागते."

म्हाताऱ्याने चष्मा चढवला. "इतनी सी लकडी, और इतना नखरा? इतना तो मेरी बहू भी नहीं करती."

"सेठ, सून रुसली त जेवन बंद. ही रुसली त वरात बंद."

म्हाताऱ्याला ते आवडलं असावं. त्याने स्टूल मागवला, मास्तरांना बसवलं आणि एकेक माल उतरवायला लागला. प्लास्टिकची इंपोर्टेड डबी, तिला रबराचा वास. स्टीलची, ती आतून घाम धरते. दागिन्यांची मखमली, तिचे धागे पत्तीला चिकटणार. सिगारेटची चपटी पेटी, तिच्या स्प्रिंगचा दाब टोकावर येणार. मास्तर प्रत्येक डबी परत देताना तिचा दोष सांगत आणि म्हातारा तो मान हलवून ऐकून घेत होता. शेवटी मास्तरांचं लक्ष गल्ल्याजवळच्या एका लाकडी पेटीकडे गेलं. कधीकाळी तीत पेन आलं असावं. आता तीत रबरबँड होते. झाकण एका बाजूने वर उचललेलं.

"ती दाखवा."

"वो बेचने का नहीं. वो कचरा है. ढक्कन बैठता नहीं उसका."

"म्हनून त पायजे," मास्तर म्हणाले. त्यांनी वास घेतला, फुंकर मारली, कानाशी हलवली, तळ टकटकवला. मग पेटी मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले.

म्हातारा विकायला तयार होईना. मोडका माल त्याने जन्मात कधी विकला नव्हता. शेवटी त्याने रबरबँड गल्ल्यात ओतले आणि पेटी तशीच देऊन टाकली. फुकट घ्यायला मास्तर तयार होईनात, म्हणून त्यांनी एक साबणाची डबी विकत घेतली. ती काकीला दिली. काकी म्हणाली, "यात मी कय ठेवू, याचा डोका?"

घरी त्यांनी पेटीच्या तळाला काचेची पट्टी बसवली आणि त्यावर चार पत्त्या रबरबँडने आडव्या बांधल्या. पुढचे काही महिने मास्तर मला सुखी दिसले. कारखान्यात तेव्हा टाळेबंदीची कुजबुज सुरू होती. बाबा घरी येत ते थकून. मीही गेटवर पत्रकं वाटून थकत होते. संध्याकाळी भिंतीपलीकडून पाच मिनिटं सूर येई आणि मग ती पेटी बंद होई. झाकण नीट बसत नसल्यामुळे ती कधी पुरती बंद होत नसे. "लाकराला श्वास लागतं," ते म्हणत.

ऑडिशनचं पत्र आलं, तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली. बदलापूरचा जुलै म्हणजे भिंतींना ओल, काडी पेटत नाही, मीठ बरणीत वितळतं. एके दिवशी मास्तरांनी पेटी दाखवली. एका पत्तीवर करड्या बुरशीचा बारीक ठिपका आला होता. त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला, पण चेहरा उतरलेला होता.

मी म्हणाले, "मास्तर, उघड्या पेटीत ठेवल्यावर दुसरं काय होणार?"

"श्वास..."

"लाकूड मेलेलं असतं. त्याला श्वास लागत नाही. बुरशीला लागतो." मी तेव्हा अशीच बोलत असे. अंधश्रद्धेवर एक पत्रकमालाच आम्ही काढली होती. "हवा आत गेली नाही तर ओल आत जाणार नाही. ओल आत गेली नाही तर बुरशी येणार नाही. यात वाद घालण्यासारखं काय आहे?"

बाबांच्या पॅकिंग खात्यात हवाबंद प्लास्टिकचे डबे होते आणि माल कोरडा राहावा म्हणून डब्यात टाकायच्या सिलिकाच्या दाणेदार पुड्या होत्या. मी बाबांकडून एक डबा आणि पुड्या मागवून घेतल्या. नवा डबा, कसला वास नाही. मास्तरांनी तो नाकाशी नेला आणि त्यांना दोष सापडेना. पुडी मात्र त्यांनी बराच वेळ तळहातावर धरली.

"ही कय करते?"

"पाणी ओढून घेते."

"किती?"

"सगळं."

"सगला कशाला?" ते म्हणाले. "माजा आजा मिठागरावर होता. पानी कवा घालवायचा त्यापेक्षा कवा थांबायचा, तेच शिकायला आख्खी जिंदगी जातं."

मी हसले. मोठ्याने नाही, पण त्यांना दिसेल इतपत. ते थोडे ओशाळले. "तू शिकलेली हायस, बाय," ते म्हणाले आणि चारही पत्त्या त्यांनी स्वतःच्या हाताने डब्यात ठेवल्या. मी दोन पुड्या टाकल्या आणि झाकण दाबून बसवलं. वर सांगितलं, आता ऑडिशनपर्यंत उघडू नका, नाहीतर ओल आत जाईल. रोजची पाच मिनिटं साध्या पत्तीवर करा.

त्यांनी माझं ऐकलं. दोन आठवडे डबा उघडला नाही.

ऑडिशनच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या ओटीवर होते. मुंबईला त्यांच्याबरोबर मी जाणार होते. मास्तरांनी पांढरा सदरा घातला होता. काकीने त्याला कडक इस्त्री करून आणली होती. त्यांनी डबा उघडला. चारही पत्त्यांची टोकं सुकल्या पानासारखी वळली होती. एकीला टोकापासून मधोमध चीर गेली होती. त्यांनी उरलेल्या तीन वाटीभर पाण्यात टाकल्या. वाट पाहिली. टोकं ओली झाली पण सपाट झाली नाहीत, त्यांना लाटा आल्या. एक लावून त्यांनी फुंकर मारली तेव्हा नुसती हवा निघाली.

त्यांनी डब्यातली पुडी उचलून तळहातावर ठेवली.

"यानं सगला पानी पिला," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता. नळाला पाणी आलं नाही असं सांगावं, तसं. मग त्यांनी लग्नातली साधी पत्ती तोंडात धरली आणि आम्ही निघालो. ती तोंडात असल्यामुळे मुंबईपर्यंत ते बोलले नाहीत आणि त्यामुळे मलाही बोलता आलं नाही.

रेडिओच्या इमारतीत मी बाहेरच्या बाकावर बसले. आतलं काही ऐकू येत नव्हतं. मास्तर आत गेले आणि फार लवकर बाहेर आले. क्लॅरिओनेट पेटीत घालून, कड्या लावून, सदरा ठीक करून ते माझ्यासमोर उभे राहिले.

"झाला," ते म्हणाले.

"पत्तीने दगा दिला का?"

त्यांनी पेटीच्या कड्या पुन्हा एकदा दाबून बघितल्या. "पत्तीच ती," ते म्हणाले. आणि चालायला लागले.

काही आठवड्यांनी पत्र आलं. निवड झाली नाही, ठरावीक काळानंतर पुन्हा अर्ज करता येईल. अर्ज मी भरून देते म्हणाले. ते म्हणाले, बघू. 'बघू' म्हणजे 'नाही', हे भिंतीला भिंत असलेल्या शेजाऱ्याला समजतं. मी लिहायला बसले. बँडवाल्यांना दारात उभं न करणाऱ्या रेडिओवर एक जळजळीत लेख लिहायचा होता. दोन परिच्छेद झाले आणि पुढे जाता येईना. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. त्यांच्या पत्त्या मी मारल्या होत्या. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासमोर अन्याय होता आणि त्याला माझ्याखेरीज दुसरा धनी नव्हता.

मास्तर माझ्याशी पूर्वीसारखेच वागत. उलट जास्त मायेने. मला तेच सहन होत नसे. संध्याकाळची पाच मिनिटं बंद झाली. ती लाकडी पेटी काकीने सुईदोऱ्याला घेतली.

मग कारखान्याला टाळं लागलं. दीड वर्ष आम्ही गेटवर बसलो. सुरुवातीला तंबू भरलेला असे, नंतर पाच-सहा जण, नंतर बाबा आणि ताडपत्री. मास्तर रोज येत. सभा असली की क्लॅरिओनेट आणत आणि मी मागितलं ते वाजवत. हरत चाललोय हे सगळ्यांना कळत होतं, आणि लोक फक्त त्यांच्यासाठी थोडे थांबत. शेवटी हिशेब देऊन सगळ्यांना मोकळं केलं. बाबा आजारी पडले. मास्तर घर भाड्याने देऊन बारवी धरणाकडे, बहिणीच्या गावी भात करायला गेले. जाताना काकीने मला साबणाची डबी दिली. "घे बाय, कोरी हाय. मना कय ठेवायचा यात, कवा सुचलाच नाय."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते चार वर्षांनी. धरणाकडच्या पाड्यांमध्ये जमिनीच्या प्रश्नावर बैठका घेत आम्ही फिरत होतो. एप्रिलची सकाळ होती, बैठकीला कोणी आलं नव्हतं कारण गावात लग्न होतं. मीही थकलेच होते. हातात पत्रकांचा गठ्ठा घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले, तर समोरून वरात येत होती. पुढे हातगाडीवर कीबोर्ड, दोन मोठे कर्णे, जनरेटर. त्यामागे ढोल. आणि सगळ्यांच्या मागे, बँडच्या ढगळ लाल कोटात, मास्तर. त्यांचा आवाज कर्ण्यांत बुडून गेला होता. जवळ आल्यावर एखादा सूर सुटा ऐकू येई.

नवरदेवाच्या मामाकडे वरात पाणी प्यायला थांबली तेव्हा ते बांधावर येऊन माझ्याशेजारी बसले. खूप वाळले होते. बाबांची चौकशी केली. काकी गेल्याचं सांगितलं. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही.

"मास्तर, त्या डब्यामुळे तुमचं रेडिओचं गेलं. मी तुमचं ऐकायला हवं होतं. मी कधी बोलले नाही."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना आठवायला वेळ लागला असं मला वाटलं, पण तसं नव्हतं.

"येवढी वर्सं तू हे घेऊन फिरतेस?" ते म्हणाले. "येरी हायस. साध्या पत्तीवर मी तीस वर्सं वाजवलाय. पत्तीनं कय होतं?"

"मग?"

"त्यांनी खुर्ची दिली. बोलले, बसा. मायकापासून हलू नका." त्यांनी कोटाच्या बाहीने मान पुसली. "बसलू. आन पयला सूर लावला त फुडचा कुठं हाय तेच सापरंना. पायच थांबले होते ना. घरी पन मी ओटीवर फिरूनच वाजवायचो, तू बगितला नाय?"

मी बघितलं होतं. रोज बघितलं होतं. भिंतीपलीकडून सूर जवळ येई, लांब जाई, पुन्हा जवळ येई.

"मग तेव्हाच का नाही सांगितलं?"

"कय सांगू? चालल्याबिगर वाजवता येत नाय, असा?" ते म्हणाले. "त्यापेक्षा पत्ती बरी होती."

मला राग यायला हवा होता. सहा-सात वर्षं मी ते ओझं वाहिलं होतं. पण राग आला नाही. आणि हे खरं होतं का माझ्यासाठी आत्ता रचलेलं होतं, तेही मला विचारता आलं नाही. वरातीतून कोणीतरी ओरडलं, "ओ बाबा, चला." मास्तरांचं नाव या लोकांनाही माहीत नव्हतं. मास्तर उठले, पत्ती तोंडात धरली, मला हातानेच 'येतो' म्हणाले आणि जाऊन शेवटच्या रांगेत उभे राहिले.

वरात निघाली. पन्नास पावलांवर वळण होतं. तिथे नवऱ्याचे मित्र नाचायला लागले आणि सगळं अडलं. हातगाडी थांबली, कर्णे थांबले, ढोलवाले ढोल पोटाशी घेऊन उभ्यानेच वाजवायला लागले. त्या सगळ्यांच्या मागे, कोणाचंही लक्ष नसताना, मास्तर क्लॅरिओनेट वाजवत होते आणि जागच्या जागी पावलं टाकत होते. डावं, उजवं, डावं, उजवं. पुढचा रस्ता मोकळा होईपर्यंत.